माळ्यावरचा लॅपटॉप

जुनी इस्त्री, मिक्सर, टेबलफॅन माळ्यावर टाकला की आपण तो विसरतो, आणि विसरलं तरी चालतं. प्लग काढला की त्या वस्तूत काही उरत नाही. लॅपटॉपचा प्लग काढला तरी त्याच्या पोटात ४० ते ७० वॉट-तासांची बॅटरी राहते. १० वॉटचा एलईडी दिवा पाच-सहा तास जळेल एवढी ही ऊर्जा. स्क्रीन फुटो, मदरबोर्ड जळो, बॅटरी तशीच राहते. म्हणून लॅपटॉप वापरताना आणि टाकताना सगळ्यात आधी बॅटरीचा विचार करायचा.

या बॅटरीच्या आत काय असतं ते पाहू. तांब्याचा एक पातळ पत्रा, त्यावर ग्रॅफाइटचा लेप. ॲल्युमिनियमचा दुसरा पत्रा, त्यावर लिथियम आणि कोबाल्ट, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडचा लेप. दोन्हींच्या मधे प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा, साधारण १० ते २५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. आणि हे सगळं भिजलेलं असतं पेट घेणाऱ्या द्रवात. पडदा फाटला की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, उष्णता तयार होते, त्या उष्णतेने आणखी रासायनिक क्रिया सुरू होतात आणि त्यातून आणखी उष्णता. एकदा ही साखळी सुरू झाली की बटण बंद करून ती थांबत नाही.

पडदा बिघडायला फार काही लागत नाही. ऑगस्ट २००६मध्ये डेल कंपनीने सोनीने बनवलेल्या ४१ लाख लॅपटॉप-बॅटऱ्या परत मागवल्या. कारखान्यात धातूचे बारीक कण सेलमध्ये, म्हणजे बॅटरीतल्या एकेका घटात, शिरले होते, एवढंच कारण. आपल्या घरात बॅटरी पडते, दाबली जाते, तापते. तेव्हा सावधगिरी आपल्याकडे.

बॅटरी फुगते कशाने? आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि तो सेलच्या बंद पाकिटात अडकतो. हे विघटन दोन गोष्टींनी वेगात होतं: उष्णता आणि सतत पूर्ण चार्ज. पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज साधारण ४.२ व्होल्ट असतं, आणि त्या ताणावर ती महिनोन्‌महिने ठेवली की म्हातारी होते. घरून काम करणाऱ्यांचा लॅपटॉप दिवसरात्र चार्जरला लावलेला असतो. नेमक्या याच बॅटऱ्या जास्त फुगतात. उपाय सोपा आहे. लेनोव्हो, असूस, डेल, एचपी अशा बहुतेक कंपन्यांच्या अनेक मॉडेलांत चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते, कुठे कंपनीच्या ॲपमध्ये, कुठे बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये). ती आजच चालू करा. दुसरी गोष्ट तापमानाची. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरण्यासाठी बनवलेले असतात. विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी कूलरशिवायच्या खोलीत पारा त्याच्या वर असतो. अशा वेळी चार्जिंग सकाळी किंवा रात्री उशिरा करावं, आणि उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप कधीही ठेवू नये.

फुगलेली बॅटरी ओळखायला उघडून बघावं लागत नाही. टचपॅड एका बाजूने उचलला जातो किंवा त्याचं क्लिक घट्ट होतं. झाकण नीट मिटत नाही. सपाट टेबलावर ठेवला की लॅपटॉप डोलतो. यातलं एक जरी दिसलं तरी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका. झाकण बसावं म्हणून वर जड पुस्तकं ठेवू नका. सुईने टोचून ‘हवा’ काढण्याचा प्रयत्न तर जिवावर बेतेल: सुई दोन्ही पत्र्यांना जोडते, आणि आतल्या द्रवात विरघळलेल्या लिथियमच्या क्षाराला दमट हवा लागली की हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. असा लॅपटॉप गादी, पडदे, कागद यांपासून दूर, फरशीवर ठेवावा आणि अधिकृत सेवा केंद्रात स्वतः घेऊन जावा. कुरिअरने पाठवू नये. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने नेता येत नाही.

आणि धूर आलाच, फुसफुस आवाज आला, तर? माणसं बाहेर काढा, तो धूर फुप्फुसात जाऊ देऊ नका. भिंतीवरचं बटण सुरक्षितपणे पोचण्यासारखं असेल तर बंद करा. वीज तोडलेली असेल आणि आग लहान असेल तर अंतरावरून भरपूर पाणी ओता. इथे पाण्याचं काम सेल थंड करण्याचं आहे. वाळूने किंवा घोंगडीने ज्वाळा दबतात, पण सेल थंड होत नाही आणि काही मिनिटांनी पुन्हा पेटू शकते. आग हाताबाहेर जाते आहे असं वाटलं की दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ला फोन करा.

रोजच्या वापरातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बऱ्याच लॅपटॉपच्या हवेच्या खिडक्या तळाला असतात. गोधडीवर ठेवला की त्या बुजतात. अंथरुणात बसायचंच असेल तर खाली पाट घ्या. मांडीवर रोज तासन्‌तास गरम लॅपटॉप ठेवल्याने त्वचेवर जाळीसारखे लालसर-तपकिरी चट्टे उठतात. डॉक्टरांना हा त्रास माहीत आहे. धातूच्या झाकणाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातलं अर्थिंग तपासून घ्या आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घालणं थांबवा. नवा चार्जर घेताना त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, आयएस १३२५२ हा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, बॅटरीसाठी आयएस १६०४६. चहा सांडला तर लगेच चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, तंबूसारखा उलटा उभा करा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. तांदळात ठेवून काही होत नाही, आणि हेअर ड्रायरने साखरेचा थर आतच वाळतो.

आता निरोपाकडे. विंडोज १०ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते, म्हणून चांगली चालणारी कितीतरी यंत्रं ‘जुनी’ ठरली. त्यांना भंगारात ढकलू नका. विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (चिपांवर माहिती साठवणारी डिस्क) एवढ्यावर असा लॅपटॉप लेखन, अभ्यास, व्हिडिओ यांसाठी आणखी काही वर्षं सहज जातो. मात्र विंडोज असतानाच बॅटरी रिपोर्ट, म्हणजे बॅटरीची क्षमता दाखवणारा विंडोजचा अहवाल, काढून बघा. पूर्ण चार्जची क्षमता मूळ क्षमतेच्या निम्म्यावर आली असेल तर आधी बॅटरी बदला, मग कुणाला द्या.

देताना माहितीचं काय? फाइल ‘डिलीट’ केली की फक्त तिचा पत्ता पुसला जातो. फिरत्या हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा नवा मजकूर लिहिला की जुना वाचता येत नाही. एसएसडीचं वेगळं: झीज वाटून जावी म्हणून ती लेखन आपल्या मर्जीने वेगवेगळ्या जागी करते, त्यामुळे वरून लिहिलं तरी जुन्या प्रती कुठेतरी उरू शकतात. तिच्यासाठी बायोसमधलं किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं ‘सिक्युअर इरेज’ वापरा. क्रम असा ठेवा: बॅकअप घ्या आणि तो उघडतो का बघा, सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, ॲपलचा असेल तर ‘फाइंड माय’ (हरवलेलं यंत्र शोधण्याची सोय) बंद करा, नाहीतर पुढच्या माणसाला तो उघडणारच नाही, मग विंडोज रीसेट करताना ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि त्यातला ‘क्लीन डेटा’ हा पर्याय निवडा.

लॅपटॉप चालूच होत नसेल तर डिस्क काढून घ्या. एम.२ पट्टी (पट्टीच्या आकाराची एसएसडी) एका स्क्रूवर असते. अडीच इंची हार्ड डिस्क काही स्क्रूंवर. तोडायचीच असेल तर एक खबरदारी: अडीच इंची डिस्कच्या आतल्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात, ड्रिल लागताच चुरा उडतो, डोळ्यांना चष्मा हवा. एसएसडीवरची प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे. एक उरली तरी माहिती उरली. गोंदाने चिकटवलेली बॅटरी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, ती लॅपटॉपसोबतच जाऊ द्या. बाहेर काढता येणारी असेल तर तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

द्यायचा कुणाला? घंटागाडीत नक्की नाही. कचरा दाबणाऱ्या यंत्रात बॅटरी चिरडली की गाडीतच आग लागते. भंगारवाल्यालाही नाही, आणि यात त्याचा दोष नाही. त्याच्याकडून माल पुढे जातो तिथे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात, सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात, बॅटरी हातोडीने सोलतात. जुन्या स्क्रीनच्या नळ्यांत पाराही असतो. हे सगळं उघड्या हातांनी, अनेकदा राहत्या घरात होतं. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या मालाच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि बॅटऱ्यांसाठी २०२२चे वेगळे नियम आहेत. म्हणजे कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून ‘जुना लॅपटॉप कुठे जमा करू’ असं विचारा. नाहीतर नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्या. नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते. देताना नोंदणी क्रमांक असलेली पावती मागा. शाळा, दवाखाना, पतसंस्था यांनी माहिती नष्ट केल्याचं प्रमाणपत्र डिस्कच्या अनुक्रमांकासह घ्यावं.

शेवटी, माळ्यावर आधीच असलेल्यांबद्दल. तीन-चार वर्षं पडून असलेला लॅपटॉप खाली काढलात की फोटो बघण्यासाठी लगेच चार्जरला लावू नका. सेलचं व्होल्टेज फार खाली गेलं की तांब्याच्या पत्र्यातलं तांबं द्रवात विरघळतं आणि चार्ज करताना भलत्याच जागी जमून शॉर्ट करू शकतं. आधी टेबलावर ठेवून डोलतो का बघा. डोलत नसला तरी फोटो हवे असतील तर डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला आणि दुसऱ्या संगणकाला जोडा. लॅपटॉपला वीज द्यायची गरजच पडत नाही.