'ते' म्हणालं की 'ती' म्हणाली?

[दृश्य : कोल्हापूर, शुक्रवार पेठ, सकाळ. अरुंद स्वयंपाकघर. साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल. भाकरी थापल्याचा आवाज.]

आज्जींचे दोन्ही हात पिठात आहेत. फोनकडं न बघताच त्या विचारतात, "आज पाऊस हाय का गं?" फोन जरा वेळ गप्प. मग स्वच्छ, पुस्तकी मराठीत उत्तर येतं की हलक्या सरींची शक्यता आहे. आज्जी तव्यावरची भाकरी उलटतात आणि म्हणतात, "बरं बाई."

हे "बरं बाई" ऐकायलाच आपण इथं आलोय.

[फोन जवळून. काचेवर पिठाचा अंगठा उमटलेला.]

गूगल असिस्टंट मराठीत बोलायला लागला २०१८ साली. आज्जींच्या घरात तो आला नातवाच्या जुन्या फोनमधून. पहिले काही दिवस त्या म्हणायच्या, "त्ये काय बोलालंय बघ रं जरा." आता म्हणतात, "ती म्हणाली, सरी येत्यात." 'ते'ची 'ती' कधी झाली, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

मराठी बोलणाऱ्याची इथं सुटका नाही. क्रियापद तोंडातून बाहेर पडलं की समोरच्याचं लिंग ठरतं, आणि तू म्हणायचं की तुम्ही, तेही तिथल्या तिथं ठरवावं लागतं. माणूस यंत्राशी कसा वागतो हे शोधायला संशोधक लोकांकडून पानंच्या पानं प्रश्नावल्या भरून घेतात. आपल्याकडं कुणी नुसती क्रियापदं टिपून घेतली, तरी बरंच काही हाती लागेल. अर्थात कोल्हापुरात तिथंही घोटाळाच. आज्जींची नात, इथल्या अनेक मुलींसारखी, "मी जातो, मी येतो" असंच म्हणते. फोनमधली बाई तिच्यापेक्षा जास्त बाईसारखी बोलते.

[दृश्य : नात खिडकीत बसून अभ्यास करते आहे. समोर लॅपटॉप.]

आज्जी भाबड्या आहेत म्हणून हे होतं, असं कुणाला वाटत असेल तर थोडं थांबा. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लिफर्ड नॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरकडून एक विषय शिकवला आणि मग विचारलं, या कॉम्प्युटरनं कसं शिकवलं? काहींनी उत्तर त्याच कॉम्प्युटरवर दिलं, काहींनी दुसऱ्यावर. त्याच कॉम्प्युटरला उत्तर देणाऱ्यांनी मत जास्त गोड दिलं. तोंडावर कसं वाईट बोलायचं! आणि हे विद्यार्थी कॉम्प्युटर चांगला ओळखणारे. यंत्राची कसली भीड, असंच त्यांचं म्हणणं होतं.

२००७ मध्ये संशोधक क्रिस्टोफ बार्टनेक यांनी याहून अवघड प्रसंग उभा केला. टेबलावर मांजराच्या चेहऱ्याचा एक रोबोट, आयकॅट. माणसानं त्याच्याबरोबर खेळ खेळायचा आणि खेळ संपला की बटण फिरवून त्याला बंद करायचं. बटणाला हात लागला की रोबोट गयावया करायचा, मला बंद नका करू म्हणायचा. बंद सगळ्यांनीच केला. पण जो रोबोट खेळताना हुशारीनं आणि गोडीनं वागला होता, त्याला बंद करताना लोक जवळपास तिप्पट वेळ घुटमळले. त्या घुटमळणाऱ्या हाताला मांजर खोटं आहे हे ठाऊक होतं.

[दृश्य : रंकाळा, संध्याकाळ. कठड्यावर बसलेली म्हातारी माणसं.]

जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी पारो नावाचा रोबोट बनवला तो सील या समुद्रातल्या प्राण्याच्या पिल्लासारखा. पांढरी लव, वजन जेमतेम पावणेतीन किलो, कुरवाळलं की मान वळवतं, डोळे मिटतं. वृद्धाश्रमांत, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या मांडीवर ते ठेवतात. सीलच का? कारण मांजर सगळ्यांनी पाळलेलं असतं. खोटं मांजर लगेच खऱ्याशी ताडून बघितलं जातं. सील कुणी पाळलाय? शिबातांचा हा हिशोब मला फार आवडतो. आणि मराठीत त्या पारोला काय म्हणायचं? 'ते'च. पण हे 'ते' यंत्राचं नव्हे. लेकरू, वासरू, कोकरू यांचं जे 'ते', तेच हे.

[दृश्य : शिवाजी उद्यमनगर, कोल्हापुरातली कारखान्यांची वस्ती. लेथवर, म्हणजे कातकामाच्या मशीनवर, जॉब फिरतोय. लोखंडाच्या कुरळ्या चिपा खाली पडतात.]

उद्यमनगरात मात्र या संशोधनाचं कुणाला फार नवल वाटणार नाही. इथला मिस्त्री सकाळी स्विच दाबण्याआधी लेथला हात लावून नमस्कार करतो. आवाज बदलला की म्हणतो, "आज रुसलंय." खंडेनवमीला मशीन धुऊन पुसून हळदीकुंकू, झेंडूची माळ, नारळ. पूजा झाली की त्या दिवशी मशीन चालवायचं नाही, त्याला सुट्टी.

पण मिस्त्रीचं लेथ बंद पडलं, तर तो बेअरिंग काढतो, शेजारच्या गल्लीतून बुश करून आणतो आणि संध्याकाळपर्यंत ते परत फिरायला लागतं. बोलणाऱ्या यंत्राचं तसं नाही. त्याचा जीव दुसरीकडं असतो, गोष्टीतल्या राक्षसाचा पोपटात असायचा तसा. २०१९ मध्ये अमेरिकेत जिबो नावाच्या घरगुती रोबोटनं स्वतःच्याच तोंडानं मालकांना सांगितलं की आपल्याला दुरून चालवणारे सर्व्हर आता बंद होणार. निरोप घेतला, थोडा नाचलाही. त्याला उघडून दुरुस्त करण्यासारखं आत काही बिघडलेलंच नव्हतं.

सोनीनं १९९९ मध्ये आयबो हा रोबोट कुत्रा काढला, २००६ मध्ये बनवणं थांबवलं आणि २०१४ मध्ये दुरुस्तीही. तेव्हा सोनीतल्याच जुन्या इंजिनिअरांनी ती हाती घेतली. नवे भाग मिळेनात, म्हणून बंद पडलेल्या कुत्र्यांचे भाग काढून चालत्यांना बसवायचे. पण काढण्याआधी जपानमधल्या चिबाच्या कोफुकुजी देवळात त्या कुत्र्यांचे रीतसर अंत्यविधी, ओळीनं मांडलेले, गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी. फोटो बघून मिस्त्री हसला नाही. त्यानं फक्त विचारलं, "पार्ट कशाचे, प्लास्टिकचे? गिअर इथं करून देतो की."

[दृश्य : शुक्रवार पेठ, रात्र. स्वयंपाकघरातला दिवा. फोनची काच काळी.]

चार्जिंग संपलंय. नात चार्जर घेऊन येते, फोनला लावते आणि चालू करायला बटणावर बोट ठेवते.

आज्जी ओट्यावरून फडकं फिरवत म्हणतात, "ऱ्हाऊ दे गं. झोपलंय ते."