धोटा तोंडात धरलेला बिबट्या

नमस्कार मंडळी,

मला विषय दिलाय ‘मंडळाची स्वतःची वास्तू’. मी बोलणार आहे दुसऱ्याच एका वास्तूबद्दल, आणि तीही आता जागेवर नाही. चहा यायला अजून वेळ आहे, तेवढं सहन करा.

लंडनच्या सिटी भागात, म्हणजे जुन्या मूळ शहरात, गिल्डहॉल या जुन्या नगरभवनाला लागून बेसिंगहॉल स्ट्रीट आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तिथं ‘वीव्हर्स हॉल’, म्हणजे विणकरांच्या गिल्डचं, त्यांच्या धंद्याच्या संघाचं, सभागृह कुठं होतं ते शोधायला गेलो. एका काचेच्या इमारतीच्या दारातल्या सिक्युरिटीवाल्याला विचारलं, तर त्यानं मोठ्या आपुलकीनं फोनवर नकाशा उघडला आणि आम्ही दोघं मिळून दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी पाडलेली इमारत गूगलवर शोधत बसलो.

ही गिल्ड साधीसुधी नाही. ११३०च्या सरकारी हिशेबात लेवेस्टनचा मुलगा रॉबर्ट यानं लंडनच्या विणकरांतर्फे राजाच्या खजिन्यात सोळा पौंड भरल्याची नोंद आहे. एवढी जुनी लेखी नोंद शहरातल्या दुसऱ्या कुठल्याच गिल्डची नाही. पुढं राजा दुसऱ्या हेन्रीनं त्यांना सनद दिली. पण १५१५ साली गिल्डांचा मानाचा क्रम ठरला तो वयावर नाही, पैशावर आणि वजनावर. सगळ्यांत जुने विणकर गेले बेचाळिसाव्या नंबरावर! पंगतीत पाट कुणाचा कुठं, हे भांडण आपणच शोधून काढलं असं वाटत असेल तर तो गैरसमज सोडा.

त्यांच्या चिन्हात बिबट्याची तीन मुंडकी आहेत आणि प्रत्येकाच्या तोंडात एक धोटा. धोटा म्हणजे मागावर बाण्याचा दोरा या काठाकडून त्या काठाकडे नेणारं, होडीसारखं निमुळतं लाकूड. कुत्र्यानं चप्पल पळवावी तसा बिबट्यानं तो आडवा धरलाय. मला हे चित्र फार आवडतं.

सभागृह १६६६च्या लंडनच्या मोठ्या आगीत जळालं. तीन वर्षांत त्यांनी ते पुन्हा उभं केलं. आणि मग आपण आलो. आपण म्हणजे आपलं कापड. हिंदुस्थानातून येणाऱ्या छापील सुती कापडावर इथल्या बायका खूश, आणि रेशीम-लोकर विणणारे हवालदिल. या कापडाचं नाव कॅलिको, ते कालिकतवरून पडलं. चिंट्झ म्हणजे तर आपलं चीटच. १७१९ साली लंडनमधल्या स्पिटलफील्ड्स भागातले विणकर रस्त्यावर उतरले, कॅलिको नेसलेल्या बायकांचे कपडे भर रस्त्यात फाडले, त्यांवर शाई आणि तेजाब फेकलं. पोटावर पाय आला होता हे खरं, पण राग निघाला कुणावर, बघा. १७२१चा कायदा आला आणि कॅलिको वापरणाऱ्याला पाच पौंड दंड बसला. तो १७७४पर्यंत टिकला. मी तिथं उभा होतो तेव्हा अंगात सुती शर्ट होता, हे आपलं जाता जाता सांगितलं.

कायद्यानं हिंदुस्थानी कापड अडवलं, यंत्रमाग कोण अडवणार? हातमाग मागं पडत गेला आणि १८५६ साली सभागृह पाडलं. त्या जागी ऑफिसं आली. आग नाही, बाँब नाही. जी वास्तू जळाल्यावर त्यांनी लगेच उभारली होती, ती या वेळी गेली ती गेलीच.

गिल्ड मात्र आजही आहे. सिटीत अशा शंभरावर गिल्ड आहेत, त्यांना इथं ‘कंपन्या’ म्हणतात; त्यांतल्या चाळीसेकांनाच स्वतःचा हॉल आहे. बाकीच्या दुसऱ्यांच्या हॉलमध्ये जेवतात. सभागृह पाडल्यावर तीनेक वर्षांत विणकरांच्या गिल्डनं पूर्व लंडनमधल्या वॉन्स्टेडला वृद्धांसाठी घरं बांधली. ती अजून उभी आहेत आणि त्यांत माणसं राहतात. आपल्या इमारत निधीच्या बैठकीत स्टेजची लांबी किती, यावर पाऊण तास गेला. वयस्कर सभासदांचा विषय ‘वेळ उरल्यास’ या सदरात होता, आणि वेळ उरला नाही.

आताही फारसा उरलेला नाही. शाळेच्या या हॉलची किल्ली पावणेदहाला परत द्यायची आहे. खुर्च्या रचायला चार जण थांबा, आणि काका-काकूंना स्टेशनपर्यंत कोण सोडतंय ते आधी सांगा.