रॅस झोपतो कुठे?

नमस्कार. मघाशी ओळख करून देताना माझ्या नावामागे 'मत्स्यतज्ज्ञ' लागलं. ते आधी काढून टाकतो. मी बँकेत नोकरी केलेला माणूस. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये चार फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी चौदा वर्षं सांभाळतोय, आणि जे थोडंफार कळलंय ते मासे मरता मरता कळलंय.

आज रॅस या समुद्री माशांबद्दल बोलायचंय. पाचशेच्या वर जातींचं घराणं हे. बोटाएवढ्या फ्लॅशर रॅसपासून दोन मीटरच्या नेपोलियनपर्यंत सगळे त्यातलेच. दुकानात गेलं की आपण विचारतो, "केवढ्याला? खातो का? कोरलला त्रास देतो का?" प्रश्न बरोबर आहेत, पण रॅसच्या बाबतीत मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की झोपतो कुठे. दुकानदार हसतो. हसू दे.

कारण रॅस दिवसाचा मासा आहे. उजाडलं की सतत फिरणार, टोचणार, खाणार, आणि दिवे मंदावले की एकदम गायब. काही जाती वाळूत जातात. हॅलिकोरेस, लेपर्ड, कोरिस हे त्यातले. फेअरी, फ्लॅशर आणि सिक्सलाइन खडकाच्या फटीत शिरतात आणि अंगाभोवती शेंबडासारख्या पातळ द्रवाचा कोश विणतात. एकदा रात्री अकराला लाल टॉर्च लावून बघा. मासा फुग्यात ठेवल्यासारखा दिसतो, आणि त्या फुग्याला वाळूचे चार कण चिकटलेले असतात. रॅसचे भाऊबंद पॅरटफिश, तेही असाच कोश करतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यांच्यावर प्रयोग करून दाखवलं, की कोश असेल तर रात्री रक्त पिणारे नॅथिइड नावाचे किडे फारसे चावत नाहीत. म्हणजे काय, मच्छरदाणी! सकाळी टाकीत तरंगणारी जाळी बघून मासा आजारी पडला म्हणून औषध ओतणारे लोक मी पाहिलेत. मच्छरदाणी झटकून ठेवलीये त्याने, दुसरं काही नाही.

आता वाळूतले. माझ्याकडे लेपर्ड रॅसची एक मादी आहे. संध्याकाळी दिवे मावळायच्या पंधरा मिनिटं आधी ती डाव्या कोपऱ्यात येते, रोज त्याच. दोन घिरट्या घालते, एका कुशीवर कलते, आणि एकदम सूर मारल्यासारखी आत. वर एक छोटासा खळगा राहतो, तोही मिनिटभरात भरतो. हे जमायला वाळू बारीक हवी, साखरेसारखी, आणि दोन-तीन इंच तरी खोल. काचेच्या तळाची टाकी किंवा जाड खडी असेल तर हा मासा रात्रभर तोंड आपटत बसतो. ओठ फाटतात, तिथे संसर्ग होतो, आणि आपण म्हणतो, पाणी बिघडलं होतं.

हीच गोष्ट क्वारंटाइनची. बाहेरून आणलेला मासा थेट मुख्य टाकीत सोडू नये हे सगळ्यांना पाठ आहे. पण क्वारंटाइनची टाकी म्हणजे उघडा तळ, एक पाइप, एक हीटर. लेपर्डसाठी ही शिक्षाच. मी आइस्क्रीमचा चौकोनी डबा घेतो आणि त्यात बारीक सिलिका वाळू भरून ठेवतो. सिलिकाच का? कोरलची वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असते. परजीवींवर औषध म्हणून पाण्यात तांबं देतात, ते ही वाळू शोषून घेते, आणि मग पाण्यात औषध किती उरलं याचा हिशेब लागत नाही. तांबं देतानाही एकदम पूर्ण मात्रा नको. काही दिवसांत चढवत न्यायची, रोज टेस्ट किट वापरून. रॅस दुकानातून आणला तेव्हा पोट खपाटीला गेलेलं असेल आणि डोक्यामागे खड्डा दिसत असेल, तर पोटातल्या जंतांचाही संशय घ्यावा. प्राझिक्वांटेल त्यासाठी. आणि दिवसातून तीनदा थोडं थोडं खाणं: मायसिस (कोळंबीसारखे इवलेसे जीव), बारीक कोळंबी. लेपर्डला तर खडकांवर बारीक जीव चरायला हवेत. सहा महिन्यांपेक्षा नवी टाकी असेल तर लेपर्ड घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

आता झाकण. माझा पहिला फेअरी रॅस टाकीत मेलाच नाही. कपाटामागे सापडला, वाळलेल्या सुकटासारखा, चौथ्या दिवशी, तोही वास आला म्हणून. जाळी होती हो वर! फक्त पाणी टाकीत परत आणणाऱ्या रिटर्न पाइपसाठी एका कोपऱ्यात दोन बोटं जागा सोडली होती. फेअरी आणि फ्लॅशर समुद्रात खडकांच्या वर, उघड्या पाण्यात थव्याने राहतात. दचकले की सुटतात बाणासारखे. टाकीत वरची दिशा म्हणजे तुमची फरशी. म्हणून सहा मिलिमीटरची जाळी, आणि पाइपभोवती सुद्धा कापून बसवलेली. दिवे एका झटक्यात बंद करू नका, अर्ध्या तासात मंदावू द्या. वीज गेली की काय होतं ते आपल्या सोसायट्यांना सांगायला नको. एक छोटा निळा एलईडी इन्व्हर्टरवर ठेवा.

तापमान 26 अंश, खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025, ती पंप-स्किमरची बाराखडी इथे बसलेल्यांना माहीत आहे. पुढे जातो.

भांडणं! रॅसची भांडणं कळायला त्यांचं घर कसं चालतं ते कळायला हवं. बहुतेक रॅस जन्मतात मादी म्हणून आणि पुढे नर होतात. 1972 साली रॉस रॉबर्टसन यांनी ग्रेट बॅरियर रीफवरच्या हेरॉन बेटाजवळचा क्लीनर रॅसचा (इतर माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खाणारा रॅस) अभ्यास प्रसिद्ध केला. एक नर आणि त्याच्या ताब्यातल्या काही माद्या असं त्यांचं घर. नर नाहीसा झाला की सगळ्यात वरच्या मादीने दोनेक तासांतच नरासारखं मिरवायला सुरुवात केली, आणि साधारण दोन आठवड्यांत ती खरोखर नर झाली. म्हणजे टाकीत तुम्ही एकाच जातीचे दोन नर टाकलेत तर एक खुर्ची आणि दोन दावेदार. एका जातीचा एकच नर घ्यावा. माद्या आधी, नर नंतर. नुसता एकटा नर ठेवलात तर काही महिन्यांत त्याचा रंग उतरतो. कुणासाठी नटायचं मग?

सोबत कोण चालतं? फेअरी आणि फ्लॅशर एकत्र छान राहतात, जाती वेगळ्या आणि रंगही वेगळे असतील तर. पिवळा हॅलिकोरेस क्रायसस शांत. हॅलिकोरेस मेलान्यूरस फ्लॅटवर्म (चपटे किडे) वेचून खातो म्हणून लोक घेतात, पण छोटी कोळंबी असेल तर तीही वेचतो. कोरिसची पिल्लं बघून भुलू नका. पाठीवर नारिंगी ठिपके घेऊन फिरणारं ते बोटभर पिल्लू, कोरिस आयगुला, समुद्रात मीटरभराच्याही पुढे वाढतं.

सिक्सलाइन हा स्वस्त, चिवट, देखणा, आणि गल्लीतला दादा. माझं मत विचाराल तर छोट्या टाकीत घ्यायचा असेल तर सगळ्यात शेवटी घ्या, किंवा तोच एकटा रॅस ठेवा. नवा मासा सोडताना भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात चार-पाच दिवस टाकीतच टांगून ठेवायचा. दादा येतो, काचेवर टकरा देतो, कंटाळतो. नाहीच कंटाळला तर टाकीच्या बाहेरून आरसा लावा, म्हणजे तो स्वतःशीच भांडत बसतो. आरशावरून आठवलं, 2019 मध्ये ओसाकाच्या शास्त्रज्ञांनी क्लीनर रॅसला आरसा दाखवला. तोही आधी आरशातल्या माशावर धावून गेला, पण काही दिवसांनी थांबला. मग त्याच्या गळ्याखाली डाग दिला, तर आरशात बघून तो गळा वाळूवर घासायला लागला. सिक्सलाइनवर असा प्रयोग झालेला मला ठाऊक नाही. आमचा अजून भांडतोच आहे.

क्लीनर रॅस मात्र घेऊ नका. समुद्रात तो एकटा दिवसाला सुमारे 1200 परजीवी खातो. तुमच्या सहा माशांच्या अंगावरून तेवढं जेवण कुठून निघणार?

एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे खडक बांधणारी प्रवाळं, काळं प्रवाळ, सी-फॅन यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून संरक्षण आहे. माझ्या टाकीत मशरूम आणि झोआ (प्रवाळांचे मऊ भाऊबंद) आहेत, बस. रॅसला त्याने काही फरक पडत नाही. त्याला फट हवी आणि वाळू हवी.

(श्रोत्यांतून प्रश्न : "काका, आमचा लेपर्ड आणल्या दिवशी वाळूत गेला तो आठ दिवस झाले, दिसलाच नाही. उकरून बघू का?")

अजिबात उकरू नका. कुठून आलाय? बाली? मग त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिकडचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आपले दुपारचे चार. तुमचे दिवे ऐन भरात असताना त्याची रात्र होते, आणि तो उठतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे चार, टाकीत अंधार. उठतो, अंधार बघतो, परत जातो. शिवाय प्रवासाने दमलेला. माझा एक दहा दिवस वाळूत होता. रोज सकाळी थोडी मायसिस टाका, माणसांनी काचेपासून लांब राहा, आणि टाकीत वास येतो का किंवा अमोनिया वाढतो का एवढं बघा. आमची लेपर्डची मादी बाहेर आली ती रविवारी अकराच्या सुमारास, आम्ही पोहे खात होतो तेव्हा. पाठीवर वाळू तशीच होती.