मीटिंग भरते कुठं, बोलतं कोण

[दृश्य: उद्यमबाग, सकाळची पाळी. भट्टी, वाळूचे ढीग, साचे भरणारे हात.]

निवेदन:
बेळगावची उद्यमबाग. इथल्या फौंड्र्या म्हणजे ओतकामाचे कारखाने. त्यांतून निघालेलं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून घडवलेला भाग, पंपात, इंजिनात, मशिनच्या पोटात जाऊन बसतं. पलीकडे मच्छे, आणि महामार्गानं उत्तरेला गेलं की हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. या पट्ट्यात कामाला तोटा नाही, आणि मीटिंगांनाही नाही. प्रॉडक्शनची मीटिंग, डिस्पॅचची मीटिंग, पार्टीची, म्हणजे गिऱ्हाइकाची, तक्रार आली की तातडीची मीटिंग. आपण थांबणार आहोत ती रिजेक्शनच्या, म्हणजे नापास झालेल्या मालाच्या, मीटिंगपाशी. फौंड्रीचा पैसा वाचतो तिथं आणि बुडतोही तिथंच.

[दृश्य: वातानुकूलित खोली. भिंतीवर इंग्रजी तक्ते.]

निवेदन:
अशी खोली बहुतेक कारखान्यांत दिसते. मॅनेजर इंग्रजीत तक्ते दाखवतात, अधूनमधून हिंदीत समजावतात. समोर खानापूर तालुक्यातला मोल्डर, म्हणजे साचे भरणारा, बसलाय, त्याच्या शेजारी बैलहोंगलकडचा भट्टीवाला. एकाच्या घरात मराठी, दुसऱ्याच्या घरात कन्नड. शेवटी प्रश्न येतो, ‘कुणाला काही सांगायचंय?’ सगळे गप्प. मीटिंग संपते.

पण या गप्प बसण्याचा अर्थ ‘माहीत नाही’ असा घेऊ नका. ब्लोहोलचंच बघा, म्हणजे कास्टिंगच्या पोटात राहिलेल्या पोकळीचं. साच्याच्या वाळूत माती आणि पाणी मापात असावं लागतं. पाणी वाढलं, की 1400 अंशांच्या आसपासचं वितळलेलं लोखंड आत पडताच त्याची वाफ होते. वाफेला वाट मिळाली नाही, की ती धातूतच पोकळी करून राहते. वरून कास्टिंग देखणं दिसतं. पार्टीच्या लेथवर टूल फिरलं, की भोक उघडं पडतं आणि माल परत येतो.

[दृश्य: जवळून. एक हात ओली वाळू मुठीत दाबतो, मूठ उघडतो.]

निवेदन:
जुना मोल्डर वाळू अशी बघतो. मूठ दाबायची. बोटांचे ठसे उमटले आणि गोळा मधोमध स्वच्छ मोडला, तर वाळू बरोबर. तळहाताला चिकटली, तर पाणी जास्त. लॅबमध्ये ओलावा मोजायचं यंत्र आहे आणि ते हवंच. पण पावसाळ्यात, उघड्यावरचा ढीग रात्रभर भिजला, की पहिली खबर या मुठीला लागते. ती सकाळी आठला लागलेली असते. मीटिंग असते शनिवारी दुपारी. मधल्या दिवसांत किती साचे ओतले गेले असतील, याचा हिशेब कुठल्याच तक्त्यावर येत नाही.

[दृश्य: रिजेक्शनच्या ढिगाजवळ उभी माणसं. मधोमध कापलेलं कास्टिंग.]

निवेदन:
म्हणून ही दुसरी मीटिंग बघा. खुर्च्या नाहीत. कापलेलं कास्टिंग हातोहात फिरतंय. बोलायला सुरुवात मोल्डर करतो.

मोल्डर:
वाळू चांगली हाय साहेब, खरं पाणी जास्त पडूलालंय. पावसाचं ढिगातच मुरलंय, आणि वरनं मिक्सरमध्ये रोजच्याच मापानं घालूलालेत.

निवेदन:
भट्टीवाले अण्णा आपलं म्हणणं कन्नडमध्ये मांडतात, शेजारचा ते मराठीत सांगतो. बेळगावात यासाठी वेगळा दुभाष्या आणावा लागत नाही, एवढी दोन्ही भाषांची माणसं प्रत्येक शॉपमध्ये आहेत. मॅनेजर सगळ्यात शेवटी बोलतात, आणि हे मुद्दाम ठरवलेलं आहे. साहेबांचं मत आधी आलं, की पुढच्या सगळ्या माना होकारार्थी हलतात. मोठ्यांपुढं बोलू नये, हे आपल्याकडचं वळण. घरात ते शोभतं. इथं त्याची किंमत टनांत मोजावी लागते.

माणसंही मोजकीच बोलवायची. फ्रेंच अभियंता रिंगेलमान यांनी दोर ओढणाऱ्या माणसांवर केलेले प्रयोग 1913 साली प्रसिद्ध झाले. दोराला जितके हात वाढले, तितका प्रत्येकाचा जोर कमी भरला. खोलीत वीस माणसं असली, की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बोलेल.

[दृश्य: खानापूर तालुक्यातलं गाव. समाजमंदिरात गोल बसलेल्या बाया, मधे वही.]

निवेदन:
नेटकी मीटिंग बघायला लांब जायची गरज नाही. याच कामगारांच्या घरातल्या बाया बचत गटात ती नियमानं घेतात. गटाची पंचसूत्रीच आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. साधारण दहा ते वीस सभासद. बसायचं गोल, म्हणजे मागची रांगच उरत नाही. मागच्या बैठकीचं इतिवृत्त आधी वाचायचं. मग कर्ज मागणारी आपलं कारण स्वतःच्या तोंडानं सांगते, बाकीच्या प्रश्न विचारतात. ‘शेळी घ्यायची म्हणता काकू, मग चाऱ्याचं काय?’ इतका नेमका प्रश्न मोठ्या कंपन्यांच्या मीटिंगांतही सहसा कुणी विचारत नाही. ठरलं ते वहीत, खाली सह्या.

पतसंस्था आणि ऑफिसांना आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. अ‍ॅमेझॉननं 2004 पासून वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइड काढून टाकल्या. विषयाचं टिपण लिहून आणायचं, सुरुवातीला सगळ्यांनी ते गुपचूप वाचायचं, मग बोलायचं. विषयपत्रिका न वाचता आलेला संचालक इथंही असतोच. त्याला हे वाचन फार उपयोगी पडेल.

[दृश्य: शॉपमधला फळा. मराठी आणि कन्नड, शेजारी शेजारी.]

निवेदन:
आता फळा. तीन रकाने: काम, नाव, तारीख. ‘बघू या’, ‘लक्ष ठेवा’ असलं काही त्यावर लिहायला परवानगी नाही. आज लिहिलंय, ‘मिक्सरमध्ये पाणी घालण्याआधी ओलावा तपासणे, रोज, पाळी सुरू होताना.’ पुढं मोल्डरचं नाव. खाली, ‘वाळूच्या ढिगावर पत्र्याचं छप्पर, बुधवारपर्यंत.’ पुढं मॅनेजरचं नाव, कारण पत्र्यांचा खर्च मंजूर करणं त्यांच्याच हातात आहे. बुधवारी छप्पर झालं नाही, तर गुरुवारची मीटिंग तिथूनच सुरू होईल, आणि कारण विचारायचा पहिला हक्क मोल्डरचा असेल.