गोगलगाय वाचवायची तर हरणांचं काय करायचं?

गोगलगाय म्हटलं की आपल्याकडे एक तर ‘पोटात पाय’ आठवतात, नाही तर सोयाबीन. २०२२ साली लातूर-बीडकडे आफ्रिकन गोगलगाईंनी कोवळी पिकं फस्त केली, त्यामुळे ‘गोगलगाईचं संवर्धन’ म्हटल्यावर शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडली तर मी समजू शकतो. पण आजची गोगलगाय कुणाच्या शेतात शिरत नाही. उलट तिच्याच घरात पाहुणे शिरलेत.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोर हैदा ग्वाय नावाचा दीडशेहून जास्त बेटांचा समूह आहे. तिथल्या ‘स्टाला ग्वाय’ या गोगलगाईचं शास्त्रीय वर्णन २०१० साली प्रसिद्ध झालं, आणि तेव्हा नुसती जात (स्पीशीज) नव्हे, तिच्या वरची अख्खी प्रजातीच (जीनस) नवी निघाली. ही बिनशंखाची गोगलगाय, बोटाच्या पेरापेक्षा मोठी नाही. अशा गोगलगाईच्या उजव्या कुशीला बारीक भोक असतं. ते उघडतं, मिटतं, त्यातून ती श्वास घेते. शंख नसल्यामुळे उन्हाचा तडाखा बसला की अंगातलं पाणी जातं, मग दगडाखाली नाही तर ओल्या पाचोळ्यात शिरायचं. तो पाचोळा आणि ती सावली हेच तिचं घर.

ती आणखी एकाच ठिकाणी सापडते: दक्षिणेला, व्हँकुव्हर बेटाच्या वायव्येला असलेल्या ब्रूक्स द्वीपकल्पावर. मध्ये एवढा समुद्र, मग हे कसं? गेल्या हिमयुगात कॅनडाचा जवळजवळ सगळा भाग बर्फाखाली होता, पण या दोन जागांचे काही तुकडे उघडे राहिले, असं अभ्यासक मानतात. स्टाला ही त्या तुकड्यांवर तगून राहिलेली मंडळी. तिच्या बहुतेक नोंदी डोंगरावरच्या आहेत, झाडी विरळ होते तिथल्या ओल्या कुरणांतल्या. आणि हे डोंगर तरी किती उंच? सगळ्यात मोठं शिखर आपल्या कळसूबाईहून बुटकं. हवा तापत गेली की खालचं जंगल वर सरकणार, आणि कुरणाला आणखी वर सरकायला डोंगरच उरणार नाही.

पण हा धोका पुढचा. आजचा धोका चार पायांवर चालतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोकांना मांस मिळावं म्हणून या बेटांवर काळ्या शेपटीची सिटका हरणं आणून सोडली. इथे लांडगा नाही, पुमा नाही. अस्वलं आहेत, पण ती हरणांची संख्या आवरू शकत नाहीत. हरणांनी जंगलाचा खालचा मजला खाऊन टाकला: झुडपं, नेचे, रेड सीडरची रोपं. रेड सीडर म्हणजे हैदा लोकांच्या, म्हणजे या बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या, होड्यांचं आणि कोरीव खांबांचं लाकूड. जवळपासच्या काही छोट्या बेटांवर हरणं पोचलीच नव्हती, त्यामुळे तुलना करता आली. जिथे हरणं पन्नासहून जास्त वर्षं होती तिथे झुडपांबरोबर त्यांच्यावर जगणारे किडे आणि पक्षीही कमी झालेले आढळले. वरची कुरणंही या चरण्यातून सुटलेली नाहीत. झाडोरा गेला की ऊन थेट जमिनीवर, आणि ओलावा गेला.

आता सांगा, गोगलगाईसाठी हरणं मारा, असं कुणी म्हणेल? हरीण देखणं, डोळे पाणीदार, शिवाय तिथल्या घराघरात ते शिजतं. गोगलगाईला मत कोण देणार? २०१३ साली कॅनडाच्या तज्ज्ञ समितीने तिला ‘विशेष काळजी’च्या वर्गात घातलं. म्हणजे अजून संकटग्रस्त नाही, पण दुर्लक्ष केलं तर होईल. मला हा वर्ग फार मिळमिळीत वाटतो.

तरी काम झालं आहे, पण ते गोगलगाईच्या नावावर नाही. दक्षिणेकडच्या ग्वाय हानास या राखीव उद्यानाचा कारभार हैदा राष्ट्र आणि कॅनडा सरकार मिळून बघतात. तिथे २०१७ साली काही बेटांवरून हरणं हटवण्याची मोहीम निघाली, ती मुख्यतः जंगल आणि रेड सीडर परत यावेत म्हणून. मला यात वावगं काही दिसत नाही. पाचोळा कुणाच्या नावाने का वाचेना!

अडचण वेगळीच आहे. हरणं पोहतात. शेजारच्या बेटावर कळप असेल तर मोकळं केलेलं बेट पुन्हा भरू शकतं, म्हणून मोहीम संपली तरी पहारा संपत नाही. आणि ग्रॅहॅम, मोर्सबी या दोन मोठ्या बेटांवरून सगळी हरणं काढणं आजच्या घडीला अशक्यच. तिथे हातात राहतं ते एवढंच: शिकार चालू ठेवायची, आणि निवडक तुकड्यांना हरणांना ओलांडता येणार नाही असं उंच कुंपण घालायचं.