भरतीच्या वेळेचे गणित

नमस्कार, श्रोतेहो.

पणजीत अठरा जून रस्त्यावर किंवा मळा भागात पाणी साचले की पहिला प्रश्न ठरलेला: गटारे उपसली नव्हती काय? प्रश्न रास्त आहे. गाळ मे संपायच्या आत निघाला पाहिजे, आणि काढलेला गाळ उचलूनही नेला पाहिजे. काठावर ठेवलेला ढीग पहिल्याच सरीत पुन्हा गटारात उतरतो. नाले, मोऱ्या, पंप ही सरकारचीच कामे. सांतिनेजचा नाला कोणी एकट्याने उपसू शकत नाही.

पण गटार लख्ख असले तरी पाणी साचते. शहराचे पाणी शेवटी मांडवीत जाते, आणि मांडवीला भरती-ओहोटी आहे. भरती चढली की गटाराचे तोंड नदीच्या पाण्याखाली जाते, कधी नदीच उलटी आत शिरते. खाजनांच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनींच्या, बांधांना मानशी, म्हणजे पाण्याची दारे, बसवली ती यासाठीच. ओहोटीला मानशीचे दार आपोआप उघडते, भरतीला पाण्याच्या दाबानेच मिटते. दार मिटलेले असताना पाऊस कोसळला तर पाणी खाजनात शेतात थांबते. शहरात ते रस्त्यावर थांबते, मग तळमजल्यात येते.

म्हणून अलर्टचा रंग पाहताना तिथीही पाहा. वेधशाळेच्या भाषेत ‘अतिजोरदार’ म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. असा इशारा अमावस्येला, पौर्णिमेला किंवा त्यानंतरच्या एकदोन दिवसांत आला, तर उधाणाची भर पडते. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास असतात आणि रोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज दुपारी १२ला भरती असेल तर उद्या एकच्या आत-बाहेर. उंबरठ्याची तयारी भरतीच्या तीन तास आधी पुरी हवी. ती करायला कोणत्याही खात्याचा माणूस दारोदार येणार नाही, आणि तशी अपेक्षाही चुकीची.

आता एक कटू गोष्ट. घरासमोरच्या गटारावर गाडी आत घ्यायला आपण काँक्रीटचा उतार घालतो आणि खाली ९ इंची पाइप टाकतो. गटार १८ बाय १८ इंच असेल, तर त्याचे तोंड ३२४ चौरस इंच. पाइपचे जेमतेम ६४. पाचपट आकसले! त्यात एक नारळाची सोडण अडकली की संपले. १०० चौरस मीटर छपरावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५,००० लिटर पाणी. अशी २० घरे धरा, तासाला एक लाख लिटर, आणि ते सगळे तुमच्या पाइपातून जायचे आहे. उतार हवाच असेल तर गटाराची पूर्ण रुंदी मोकळी ठेवून, उचलता येतील असे दोन-दोन फुटांचे तुकडे किंवा लोखंडी जाळी घाला. सफाई कामगाराला आत हात घालता आला पाहिजे.

दाराशी वाळूच्या पिशव्या लावायच्या तर निम्म्याहून थोड्या जास्त भरा. गच्च भरली की ती दगडासारखी गोल राहते आणि फटी पडतात. विटांसारखे सांधे चुकवून रचा, पाण्याच्या बाजूला जाड प्लास्टिक लावून त्याची कड खालच्या थराखाली दाबा. मात्र नुसते दार अडवून भागत नाही. तळमजल्यावर पाणी बहुतेकदा न्हाणीघराच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून वर येते. जाळीवर जाड प्लास्टिक, त्यावर वाळूची पिशवी ठेवा. कायमचा उपाय म्हणजे बाहेर जाणाऱ्या नळीवर एकतर्फी झडप; तिच्यात केस-कचरा अडकला तर ती मिटत नाही, म्हणून मे महिन्यात उघडून धुवायची.

पाणी आत यायच्या आधी, कोरड्या पायांनी मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर असते हे विसरले जाते. ती टेबलावर चढवा. पाण्यात उभी राहिलेली गाडी लगेच सुरू करू नका. इंजिनात पाणी गेले असेल तर दांडा वाकतो.

साखळी, डिचोली, वाळपई या भागांचा प्रकार वेगळा. २०२१च्या जुलैत सत्तरी तालुक्यात झाले तसे नदीच वाढली, तर पिशव्यांच्या नादी लागू नये. कागदपत्रे, औषधे घेऊन उंचावर जायचे आणि ११२ फिरवायचा.

पाणी ओसरल्यावर बुडालेली जमिनीखालची टाकी रिकामी करून घासा, पुन्हा भरा. दर १,००० लिटरला चांगल्या प्रतीची १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी टाकीत ओता. १२ तास तसेच ठेवा, ते पाणी वापरू नका. मग ते पाणी काढून टाका आणि टाकी नळाच्या पाण्याने भरा.