बिअरची परीक्षा आणि वाईची मावशी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे पिल्सनर बिअरबद्दल. ती चाखायची कशी, तिची परीक्षा करायची कशी, याबद्दल. तुम्ही बिअर पीत नसाल तर रेडिओ बंद करू नका. आजच्या गोष्टीतली खरी परीक्षक ही बिअरचा थेंबही कधी न चाखलेली बाई आहे. माझी मावशी. तिच्याकडे येतेच आहे.

त्याआधी थोडं गावाबद्दल. पैठणची पैठणी, तशी प्लझेनची पिल्सनर. प्लझेन हे झेक प्रजासत्ताकाच्या पश्चिमेचं शहर, प्रागपासून गाडीनं तासाभराचं. कामाच्या निमित्तानं मी तिथे चार वर्षं राहिले. १८३८ साली या गावात बिअर इतकी खराब निघाली, की ३६ पिंपं नगरपालिकेसमोर ओतून टाकली. मग मद्य गाळण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनी मिळून नवी भट्टी बांधली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा एकोणतीस वर्षांचा कारागीर आणला. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्यानं पहिली खेप केली. ११ नोव्हेंबरला ती लोकांना मिळाली. तोवर बिअर म्हणजे बहुतेक तपकिरी, गढूळ. ही निघाली सोनेरी आणि आरपार दिसणारी.

यात जादू नव्हती. सातूला मोड आणायचे, वाळवायचे आणि अगदी हलक्या आचेवर भाजायचे. नाचणीसत्त्वासाठी आपण नाचणीला मोड आणतो ना, पहिली पायरी तीच. दुसरी गोष्ट पाणी. प्लझेनचं पाणी फार हलकं, डाळ चटकन शिजेल असं. तिसरी, तिथले साझ जातीचे हॉप्स, म्हणजे एका वेलीची फुलं, ज्यांच्यामुळे कडूपणा येतो आणि सुगंधही. आणि चौथी, थंड तळघरात सावकाश आंबवणं, मग आठवडेच्या आठवडे मुरवणं. संपली यादी. जगात आज जी फिकट बिअर खपते, तिच्यातली बहुतेक याच बिअरची लेक नाहीतर नात आहे. पण बाटलीवर पिल्सनर छापलं म्हणून ती पिल्सनर होत नाही, हे मी मिळेल तिथे सांगत असते. डब्यावर साजूक लिहिल्यानं तूप साजूक होत नाही, तसंच.

पिल्सनर जोखायला अवघड का? साधी आहे म्हणून. मसालेभातात तांदूळ थोडा जुना असला तरी खपून जातं. साध्या वरणभातात डाळ किंचित लागली तर पहिल्या घासाला कळतं. पिल्सनर हा वरणभात आहे. आणि तिची परीक्षा करताना क्रम लक्षात ठेवायचा. आधी नाक, मग जीभ. पुन्हा सांगते, आधी नाक, मग जीभ.

आता मावशी.

माझी मावशी वाईची. घरात दोन म्हशी, रोजचं विरजण, आठवड्याचं लोणी, आणि पन्नास वर्षं तिनं कढवलेलं तूप. मी प्लझेनला असताना एका उन्हाळ्यात ती दोन महिने माझ्याकडे राहायला आली. तेव्हा माझ्याबरोबर काम करणारे दोघं झेक आणि मी, आम्ही घरीच बिअर करायला शिकत होतो. वीस लिटरचं भांडं, स्वयंपाकघरातली विजेची शेगडी, आणि प्रचंड उत्साह. माझी पहिलीवहिली पिल्सनर मुरून तयार झाली आणि एका शनिवारी संध्याकाळी आम्ही परीक्षा मांडली.

मांडणी अशी, की टेबलावर चार ग्लास. कुठल्यात काय ते फक्त शेजारच्या मुलीला माहीत, तिनंच ओतून दिले होते. एकात माझी. एकात प्लझेनची मूळ बिअर, पिल्सनर उर्क्वेल. एकात जर्मन पिल्स. आणि एकात मुदत उलटून गेलेली, वर्षभर कपाटावर पडून असलेली बाटली. प्रत्येक ग्लासवर एक बशी झाकलेली. ती बशी महत्त्वाची, बरं का. वास उडून जाऊ नये म्हणून परीक्षेत ग्लास झाकतात. बशी काढायची, लगेच नाक न्यायचं, दोनतीन छोटे श्वास घ्यायचे, थांबायचं. पहिल्या वासात जे कळतं ते पाचव्या वासात कळत नाही. नाक सरावतं. उदबत्ती लावलेल्या खोलीत बसून राहिलं की थोड्या वेळानं तिचा वास येईनासा होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तर आम्ही तिघं ग्लास हुंगतोय, पुस्तकातले शब्द वहीत लिहितोय, वाद घालतोय. मावशी ओट्यापाशी उभी राहून पोहे करत होती. पाचएक मिनिटं तिनं ऐकलं. भाषा कळत नव्हती, पण आम्ही कशावरून भांडतोय ते कळत होतं. पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "मी तोंडाला लावणार नाही. पण वास घ्यायला काय हरकत आहे? दे इकडे."

पहिली बशी काढली. एक श्वास. म्हणाली, "कणसं उकडलीत यात."

मी भाषांतर केलं. दोघं झेक एकमेकांकडे बघायला लागले. आम्ही तिघांनी त्या ग्लासाबद्दल वहीत "काहीतरी गोडसर भाजी" एवढंच लिहिलं होतं. मी पुन्हा वास घेतला. महाबळेश्वरच्या रस्त्यावर पावसाळ्यात गाडीवाल्याच्या पातेल्यातून येते ती वाफ! तीच. उकडलेलं कणीस. एकदा कळल्यावर दुसरं काही जाणवेच ना.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. "हे तू केलेलं का गं?"

मला कुठे माहीत होतं? शेजारच्या मुलीला विचारलं. तिनं मान डोलावली. हो, पहिला ग्लास माझाच.

मावशी म्हणाली, "झाकण ठेवून उकळलंस ना?"

श्रोतेहो, ठेवलं होतं. शेगडीला जोर कमी, वीस लिटरला उकळी धरेना, म्हणून मी तासभर झाकण ठेवलं होतं. आणि हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की पालेभाजी झाकून शिजवली की रंग जातो आणि उग्र वास भाजीतच राहतो. तिच्या आईनं तिला सांगितलेलं, तिनं माझ्या आईला सांगितलेलं, मला आईनं सांगितलेलं, आणि मी भाजीला लागू केलं पण बिअरला नाही.

यामागचं कारण थोडक्यात सांगते. फिकट माल्टमध्ये, म्हणजे त्या हलक्या भाजलेल्या सातूमध्ये, एक द्रव्य असतं. तापवलं की त्यापासून गंधकयुक्त डायमिथिल सल्फाइड तयार होतं. उकडलेल्या कणसाला आणि कोबीला तो वास येतो तो याच द्रव्यानं. उघड्या भांड्यात ते वाफेबरोबर निघून जातं. झाकण असेल तर झाकणाला लागून पाणी होतं आणि थेंबाथेंबानं परत भांड्यात पडतं. म्हणून पिल्सनरचा काढा उघडा उकळायचा आणि भरपूर वेळ उकळायचा, दीड तास. गडद माल्ट जास्त भाजलेलं असतं, त्यात हा त्रास कमी.

दुसरी बशी. या वेळी मावशी थांबली. पुन्हा वास घेतला. चेहरा उजळला. म्हणाली, "लोणी. विरजणाचं लोणी. कढवायला ठेवलंय आत्ताच."

मी म्हटलं "मास्लो", म्हणजे झेक भाषेत लोणी, आणि त्या दोघांतला एकजण टाळ्याच वाजवायला लागला. तो ग्लास होता पिल्सनर उर्क्वेलचा. त्यांच्या गावचा अभिमान! मला मात्र प्रश्न पडला. आम्ही वाचलं होतं ते असं, की बिअरला लोण्याचा वास येणं हा दोष. यीस्ट आंबवताना डायअसेटिल नावाचं द्रव्य तयार करतं आणि वेळ दिला तर स्वतःच ते पुन्हा शोषून घेतं. घाई केली तर ते मागे राहतं. विरजण लावलेल्या सायीच्या लोण्याला जो वास येतो, तो बराचसा याच द्रव्याचा. मावशीचं नाक अगदी नेमक्या जागी पोचलं होतं. मग हा दोष की गुण?

मी मावशीलाच विचारलं. ती म्हणाली, "किंचित आहे. ताजं आहे. खवट नाही. आणि दुसरं काही झाकून टाकत नाही. मग दोष कसला?"

परीक्षकांचे नियम हेच सांगतात, श्रोतेहो. झेक पद्धतीच्या पिल्सनरमध्ये लोण्याची पुसटशी छटा चालते. जर्मन पिल्समध्ये चालत नाही, ती कोरडी आणि स्वच्छच हवी. तोच वास, एका गावात ओळख आणि शेजारच्या देशात चूक. म्हणून कुठल्या घराण्याची बिअर आहे ते आधी विचारायचं, मग गुण द्यायचे. पुन्हा सांगते, आधी घराणं, मग गुण.

तिसरा ग्लास जर्मन. त्यावर ती म्हणाली, "गवत कापलंय, पाव भाजलाय, आणि काही नाही. स्वच्छ." चौथ्याला नाक लावलं आणि बशी लगेच परत ठेवली. "माळ्यावरचा पुठ्ठा." मुदत उलटलेली बाटली तीच होती. हवा आत शिरली, उष्णता लागली, दिवस गेले, की बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

इथे मला एक बोलायचंच आहे. हल्ली आपण दूध नासलंय की नाही हे पिशवीवरची तारीख बघून ठरवतो. माझी आई पातेल्याला नाक लावायची. पिठाचा डबा उघडला की आधी वास, मग चाळण. तारीख जरूर बघा, पण नाकाला सुट्टी देऊ नका. नाक वापरलं नाही तर त्याचे शब्द जातात, आणि शब्द गेले की वास आला तरी ओळखता येत नाही. आम्ही तिघं पुस्तकं वाचून बसलो होतो. शब्द मावशीकडे होते.

वेळ थोडा राहिला, म्हणून जिभेचं भराभर सांगते.

ग्लास काचेचा, साबणाचा अंश नसलेला. फ्रीजरमध्ये गोठवलेला ग्लास मला अजिबात मान्य नाही. बधिर झालेली जीभ काय चाखणार? सात अंशांच्या आसपासची बिअर चांगली. फेसाला घाबरू नका. आपल्याकडे फेस दिसला की माप मारलं असं वाटतं, पण प्लझेनमध्ये दाट, ओलसर फेस मुद्दाम ओततात. तो बिअरवरचं झाकण असतो, आणि हे झाकण मात्र हवं. प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचं कडं राहिलं तर उत्तम. रंग सोनेरी.

मग घोट, चांगला तोंडभर. आधी पावाच्या कडेसारखी माल्टची गोडी, मग कडू. पिल्सनरमध्ये कडू हवंच, त्याशिवाय ती पिल्सनर नाही. पण कसं कडू? मेथीच्या भाजीसारखं, जे गिळल्यावर जीभ स्वच्छ करून जातं. सालीसकट खाल्लेल्या कारल्यासारखं घशाला चिकटून बसणारं नको. तुरट तर मुळीच नको. चाखताना मसाला शेंगदाणे बाजूला ठेवा, तिखटानं सगळा निकाल बिघडतो. कोरडा पाव आणि पाणी पुरे.

बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम नावाची संस्था अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झाली. तिची गुणपत्रिका ५० गुणांची. चवीला २०, वासाला १२, तोंडात कशी भरते त्याला ५, एकूण समाधानाला १०. आणि रूपाला? फक्त ३. जाहिरातीत मात्र तेवढंच दाखवतात. सोनेरी रंग, बाटलीवरचे थेंब. तीन गुणांची गोष्ट.

झेक लोक शेवटी एक गोष्ट बघतात. त्यांचा शब्द आहे पितेल्नोस्त. घोट गिळला, गप्पा चालू आहेत, लक्ष दुसरीकडे आहे, आणि हात आपोआप ग्लासाकडे जातो का? जात असेल तर बिअर चांगली. त्या शनिवारी जर्मन आणि उर्क्वेल हे दोन ग्लास रिकामे झाले. माझा भरलेला राहिला. मावशीनं पोहे वाढले.

सप्टेंबरात मी पुन्हा वीस लिटर केली. दोन शेगड्या जोडून, झाकण बाजूला ठेवून, घड्याळ लावून दीड तास. खिडक्यांना धार लागली होती वाफेची, भिंत ओली झाली. मग सहा आठवडे थंडीत मुरवली. मावशी तोवर वाईला परतली होती. बाटली उघडली त्या रात्री मी तिला फोन केला. तब्येतीचं, पावसाचं, म्हशींचं सगळं नंतर. तिनं पहिल्यांदा विचारलं ते हेच.

"कणीस गेलं का गं?"

गेलं होतं.